दाट केसांच्या कुत्र्याचे क्षौर

वैशाखातील उन्हे तापली, म्हणजे हस्की, पोमेरेनियन, जर्मन शेफर्ड अशा दाट केसांच्या कुत्र्यांच्या मालकांना त्या मुक्या प्राण्याची दया येते, आणि आपण जसे अंगावरचे कपडे हलके करतो तसे त्याचेही केस पार उतरवावेत, अशा समजुतीने ते त्याला यंत्राखाली बसवतात. हेतू निःसंशय प्रेमाचा. समजूत मात्र सदोष, आणि तिचा भुर्दंड त्या प्राण्याला सोसावा लागतो.

मनुष्याला सर्वांगाला घाम येतो व तो वाळताना कातडी निवते. कुत्र्याच्या ठायी ही तजवीज नाही. त्याला घाम येतो तो प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांना, आणि देहातील उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्यानेच होते.

त्याच्या मानेवरचे केस दोन बोटांनी दुभागून पाहावेत: वर लांब, राठ केस आणि बुडाशी फिकट, मऊ लोकर. वरचे केस प्रखर ऊन कातडीपर्यंत पोहोचू देत नाहीत. आतील लोकर झडूनही तशीच गुंतून राहिली, तर मात्र तिच्यात उष्णता कोंडते, हे नाकबूल करता येणार नाही. परंतु त्यावर इलाज कंगव्याचा आहे, आणि लोकर झडण्याच्या ऋतूत कानामागे व मांड्यांशी धीराने कंगवा फिरवला, की पुंजकेच्या पुंजके निघून वारा आत खेळू लागतो.

‘केस काय, पुन्हा येतीलच’, हा दिलासाही बेभरवशाचा. हस्की, चाऊचाऊ, पोमेरेनियन यांच्या अंगावर कातरलेल्या जागी कधी कधी वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ केस उगवत नाहीत, आणि उघडी पडलेली फिकट कातडी उन्हाने भाजते. केस काढल्याने घरातील माणसांच्या शिंका थांबतात, हेही खरे नव्हे; त्यांचे कारण कुत्र्याच्या लाळेत व कोंड्यात असते.

शस्त्रक्रिया, त्वचारोग, किंवा कातडीला ओढ लावणाऱ्या घट्ट जटा यांसाठी पशुवैद्याने सांगितले, तर मात्र केस अवश्य काढावेत. तेथे हट्ट धरणे क्रौर्यच होय. पूडलसारख्या सतत वाढणाऱ्या केसांच्या जातींना तर नियमित कातरणी हवीच.

एरवी सावली, वारा, मुबलक पाणी आणि पहाटेचा फेरफटका, एवढा बंदोबस्त करावा. कोकणासारख्या दमट हवेत धापांचाही पुरता उपयोग होत नाही, सबब तेथे अधिक दक्षता हवी. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान सुमारे 38.3 ते 39.2 अंश सेल्सियस असते. उन्हात ते 41 अंशांकडे चढू लागले, तर अंगावर पाणी ओतून, पंख्याखाली धरून, विनाविलंब पशुवैद्य गाठावा.