काळा रंग घेतो टीव्हीची परीक्षा!

टीव्ही समोरून तर रोजच पाहता. कधी बाजूला उभं राहून पाहिलाय? काही टीव्ही कडेला एकदम चपटे असतात, तर काही चांगले जाडजूड. मग जो पातळ, त्याचंच चित्र सुंदर असणार ना? थांबा, घाई नको! आधी टीव्हीच्या पोटात शिरू या.

घराघरांतले बहुतेक टीव्ही एलसीडी जातीचे. खोक्यावर ‘एलईडी टीव्ही’ लिहिलेलं असलं, तरी ते एलईडी म्हणजे सहसा मागचे दिवे. चित्र तयार होतं ते पुढच्या एलसीडी पडद्यावर. त्यात द्रवस्फटिक असतात. हा मोठा अजब पदार्थ! तो द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू शिस्तीत एका दिशेनं उभे असतात. फ्रीडरिश रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८८ साली त्याचा पत्ता लागला, तोही गाजरातून काढलेल्या पदार्थावर काम करताना!

द्रवस्फटिक स्वतः उजळत नाहीत. खिडकीच्या झडपेसारखे ते मागचा उजेड सोडतात किंवा अडवतात. फोर-के नावाच्या पडद्यावर चित्राचे ८२,९४,४०० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. पण झडप बंद असली, तरी थोडा उजेड झिरपतोच. म्हणून रात्रीचं काळंभोर आकाश राखाडी दिसतं.

यावर उपाय सोपा: आकाश काळं असेल तिथले मागचे दिवेच मंद करायचे! त्यासाठी दिवे पडद्याच्या पाठीमागे सगळीकडे मांडावे लागतात. आता एक प्रयोग करा. अंधारात टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून लावा. छोटासा झगझगीत ठिपका दिसेल. हळूहळू मागे सरका. उजेड पसरत जाईल. टीव्हीतही तसंच घडतं. दिव्यांचे ठिपके दिसू नयेत म्हणून दिवे आणि पडदा यांच्यात थोडं अंतर ठेवतात, आणि तेवढी टीव्हीची जाडी वाढते.

पातळ टीव्ही करायचा तर? मग दिवे कडेला बसवतात आणि एक पारदर्शक पाटी त्यांचा उजेड पडद्याभर पसरवते. जागा वाचते, पण एवढासा चंद्र दाखवायचा, तरी बाजूच्या आकाशाचा मोठा पट्टा उजळतो.

म्हणजे पातळ टीव्ही वाईटच का? मुळीच नाही! ओएलईडी या दुसऱ्या जातीच्या टीव्हीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो. मागच्या दिव्यांची गरजच नाही. काळा रंग हवा तिथला ठिपका सरळ विझतो. २००७ साली सोनीनं विकायला आणलेल्या ११ इंची ओएलईडी टीव्हीचा पडदा जेमतेम ३ मिलिमीटर जाड होता! मात्र ओएलईडीचीही एक अडचण आहे: एकच चित्र फार फार वेळ ठेवलं, तर त्याचा पुसट डाग कायमचा उमटू शकतो.

आणि आवाज? मोठ्या स्पीकरला हवा ढकलायला जागा लागते. ती चपट्या टीव्हीत कुठून मिळणार?

तेव्हा घरात नवा टीव्ही घ्यायचं ठरलं, तर आईबाबांबरोबर दुकानात जा आणि काळ्या आकाशातल्या चंद्राचं दृश्य लावायला सांगा. दुकानातल्या लख्ख उजेडात फरक लपतो, म्हणून जमलं तर तिथले दिवे थोडे कमी करायला सांगा. मग दुकानदार काकांना विचारा, “याच्यात उजेड येतो कुठून? मागून, कडेनं, की ठिपक्यातूनच?” जाडी मोजण्यापेक्षा या एका प्रश्नाचं उत्तर तुम्हाला कितीतरी जास्त सांगेल!