पिल्लांच्या हीटरमधील गॅसचा दाब : तपासणी व दुरुस्ती

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोंबडीच्या पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात. केवळ मऊ लव असते. आपल्या शरीराची उष्णता स्वतः राखण्याची शक्ती पहिल्या काही दिवसांत त्याच्या ठिकाणी पुरेशी आलेली नसते. म्हणून पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, इतकी ऊब द्यावी लागते व पुढे दर आठवड्यास ती सुमारे ५ अंश फॅरनहाइटने उतरवीत न्यावी लागते. ही ऊब देण्याकरिता आज अनेक कुक्कुटपालक एल. पी. जी. गॅसवर चालणारे हीटर वापरतात. या हीटरने एका रात्रीत दगा दिला, तर सकाळी कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरलेली पिल्ले उचलण्याची पाळी येते.

हिवाळ्यात, विशेषतः निफाडसारख्या कडक थंडीच्या भागात, "हीटर तापत नाही" अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पहिला उपाय केला जातो तो रेग्युलेटरचा अथवा गॅसच्या झडपेचा स्क्रू पिळण्याचा. हा उपाय चुकीचा आहे, व पुष्कळदा घातकही आहे. गॅसचा दाब किती असावा हे हीटर बनविणाऱ्याने ठरवून दिलेले असते. तो मोजल्याशिवाय बदलू नये, आणि ऊब कमी-अधिक करण्यासाठी तर मुळीच बदलू नये. ऊब कमी-अधिक करावयाची ती हीटर वर-खाली टांगून अथवा थर्मोस्टॅटने.

दाबाचे कार्य

हीटरमधील गॅस एका बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वेगाने बाहेर पडतो व जाताना आपल्याबरोबर हवा ओढून घेतो. गॅस व हवा यांचे योग्य मिश्रण झाले म्हणजे ज्योत निळी व स्थिर राहते आणि काजळी धरत नाही. दाब कमी पडला, की गॅस कमी येतो, हवाही नीट ओढली जात नाही. जाळीचा हीटर लाल न होता मंद दिसतो व कधी ज्योत मागे सरून आतल्या आत जळू लागते. दाब अधिक झाला, की ज्योत बर्नरवरून उचलली जाते, फुरफुर असा आवाज येतो व गॅस वाया जातो.

जेटमधून येणारा गॅस हा दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३० सेंटिमीटर पाण्याचा दाब हवा असता तो २० सेंटिमीटरवर आला, तर उष्णता सुमारे १८ टक्क्यांनी घटते. दाब चौथाईवर आला, तर उष्णता निम्मी होते. भर दुपारी ही घट कोणाच्या ध्यानातही येत नाही. पहाटे तीच पिल्लांच्या जिवावर बेतते.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी

उष्णता कमी पडण्याचे कारण प्रत्येक वेळी दाबच असतो असे नाही. पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१. पिल्ले : सर्व पिल्ले हीटरखाली गर्दी करून चिवचिवत असतील, तर ऊब कमी आहे. ती कडेला जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकीत असतील, तर ऊब अधिक आहे. एकाच बाजूस गोळा झाली असतील, तर दुसऱ्या बाजूने वारा लागत आहे. अशा वेळी पडदा बांधावा, हीटरला दोष देऊ नये. पिल्ले सारखी पसरलेली असतील, तर ऊब योग्य आहे. थर्मामीटर छताजवळ न टांगता पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, तुसाच्या गादीपासून सुमारे दोन इंच वर ठेवावा.

२. धूळ : खुराड्यातील हवेत तुसाचा भुसा, खाद्याची पूड व लव सतत उडत असते. ती हीटरच्या हवा घेण्याच्या भोकांत साचली, की हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते व काजळी धरते. येथे दाब निर्दोष असतो. गॅस बंद करून, हीटर थंड झाल्यावर मऊ ब्रशने ही भोके झाडावीत. जेटमध्ये तार किंवा सुई खुपसू नये. छिद्र मोठे झाले, तर जेट निकामी होते.

३. सिलिंडर : द्रव गॅसची वाफ होताना सिलिंडरमधील उष्णता खर्च होते. एकाच सिलिंडरवर अनेक हीटर लावले व रात्र थंड असली, तर सिलिंडर बाहेरून गार पडून त्यावर दव धरते व आतील दाब उतरतो. सिलिंडर भरलेला असूनही गॅस कमी येतो तो यामुळे. दोन अथवा अधिक सिलिंडर एकत्र जोडणे हा यावरील उपाय होय; ही जोडणी गॅस पुरविणाऱ्या संस्थेच्या कारागिराकडूनच करवून घ्यावी. सिलिंडरला शेकोटी दाखविणे, त्यावर उकळते पाणी ओतणे किंवा तो आडवा करणे, हे प्रकार जिवावर बेतणारे आहेत. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर खुराड्यात वापरण्यास कायद्याने मनाई आहे. व्यवसायाकरिता १९ किलोचा सिलिंडर घ्यावा.

४. नळी : मुडपलेली, अरुंद किंवा वाजवीपेक्षा लांब नळी दाब खाते. एकाच नळीवर अनेक हीटर असतील, तर शेवटचा हीटर सर्वांत मंद असतो. म्हणून दाब नेहमी शेवटच्या हीटरजवळ मोजावा.

दाब मोजण्याचे साधन

कमी दाबावर चालणाऱ्या हीटरकरिता पाण्याची साधी दाबनळी पुरेशी आहे. सुमारे सव्वा मीटर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्यावी. ती एका फळीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात, दोन्ही बाजू सुमारे ५० सेंटिमीटर उंच राहतील अशी बसवावी. मध्ये सेंटिमीटरची पट्टी लावावी. नळीत निम्म्या उंचीपर्यंत रंगीत पाणी भरावे. एक तोंड उघडे ठेवून दुसरे हीटरच्या तपासणी-तोंडास जोडावे. गॅस पाण्यास एका बाजूने खाली ढकलतो व दुसऱ्या बाजूस पाणी चढते. दोन्ही पातळ्यांमधील संपूर्ण अंतर म्हणजे दाब. एकाच बाजूची चढण मोजल्यास उत्तर निम्मे येईल.

हिशेबही सोपा आहे. दर चौरस सेंटिमीटरला १ ग्रॅम दाब म्हणजे १ सेंटिमीटर पाणी. आपल्या देशात घरगुती शेगड्या ३० ग्रॅम दाबावर चालतात. त्यांच्या बाबतीत पाण्याचे अंतर ३० सेंटिमीटर भरेल. हीटरवरील पट्टीवर दाब मिलिबारमध्ये दिला असेल, तर १ मिलिबार म्हणजे जवळजवळ १ सेंटिमीटर पाणी समजावे. काही हीटर याहून पुष्कळ अधिक दाबावर चालतात. त्यांना पाण्याची नळी लावू नये. पाणी उडून गॅस मोकळा सुटेल. त्यांच्याकरिता योग्य मापाचा गेजच हवा.

तपासणीची पद्धत

दारे व पडदे उघडावेत. मुख्य झडप बंद करून, हीटर थंड झाल्यावर दाबनळी जोडावी. मग झडप सावकाश उघडावी व जोडावर साबणाचे पाणी लावून गळती नाही याची खात्री करावी.

प्रथम सर्व हीटर बंद असताना दाब पाहावा. तो थोडा वर जाऊन स्थिर राहिला पाहिजे. काही मिनिटे तो हळूहळू चढतच राहिला, तर रेग्युलेटरची आतील बैठक झिजली आहे असे समजून रेग्युलेटर बदलावा. नंतर एक हीटर पूर्ण ज्योतीवर पेटवून दाब पाहावा. शेवटी सर्व हीटर पूर्ण ज्योतीवर पेटवून पाहावा. हीच खरी कसोटी होय. थर्मोस्टॅटने ज्योत लहान केली असेल, तर त्या वेळचे माप ग्राह्य धरू नये.

एका हीटरवर दाब योग्य व सर्व हीटरांवर फार कमी येत असेल, तर दोष नळीत, सिलिंडरच्या संख्येत अथवा रेग्युलेटरच्या क्षमतेत आहे. तेथे स्क्रू पिळून उपयोग नाही. उलट, रात्री काही हीटर बंद होताच उरलेल्यांवर दाब वाढेल.

दाब जुळविणे

एवढे सर्व तपासूनही दाब पट्टीवरील आकड्याशी जुळत नसेल, तरच स्क्रूकडे वळावे. घरगुती रेग्युलेटर कारखान्यातच मोहरबंद केलेला असतो. तो उघडू नये, बदलून घ्यावा. जुळविता येणाऱ्या रेग्युलेटरवर टोपणाखाली स्क्रू असतो. हीटर पेटता ठेवून व नळीकडे लक्ष देऊन तो एका वेळी पाव फेराच फिरवावा. सामान्यतः उजवीकडे फिरविल्यास दाब वाढतो. दोन-तीन वेळा फिरवूनही पाणी हलले नाही, तर थांबावे. दोष अन्यत्र आहे. हीटरच्या झडपेस आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या गॅसकरिता दोन तपासणी-तोंडे असतील, तर आधी येणारा दाब बरोबर करावा व मगच झडपेचा स्क्रू पाहावा. हे काम माहितगार कारागिरानेच करावे. अखेरीस हीटर बंद करून पहिले माप पुन्हा घ्यावे, मुख्य झडप बंद करून नळी काढावी, तपासणी-तोंड घट्ट बंद करावे व गॅस सोडल्यावर तेथे पुन्हा साबणाचे पाणी लावावे.

गोबर गॅस वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोबर गॅसमध्ये उष्णता कमी असल्याने त्याच्या बर्नरचे छिद्र मोठे असते. असा बर्नर एल. पी. जी.ला जोडल्यास गॅस अतोनात येऊन आग लागण्याचा धोका असतो. दाब कमी करून ही अदलाबदल साधत नाही.

रात्रीची दक्षता

थंडीच्या भीतीने खुराडे चहूबाजूंनी बंद करण्याची प्रथा आहे. हवा कमी पडली, की अर्धवट जळणाऱ्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्यास वास नाही व रंगही नाही. पिल्लांइतकाच तो तेथे झोपणाऱ्या राखणदारासही मारक आहे. म्हणून वरच्या बाजूने हवा खेळती ठेवावी व हीटर चालू असलेल्या खुराड्यात माणसाने झोपू नये. एल. पी. जी. हवेपेक्षा जड असल्यामुळे गळालेला गॅस जमिनीलगत साचतो. वास येताच मुख्य झडप बंद करावी, दारे उघडावीत व विजेच्या बटनास हात लावू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी एक दाबनळी गावात तयार करून ठेवावी. पिल्ले येण्यापूर्वी दोन दिवस हीटर पेटवून प्रत्येक कुक्कुटपालकाकडील दाब मोजावा व तो तारखेसह हीटरजवळच्या पाटीवर लिहावा. पुढील खेपेस आकडा उतरलेला दिसला, तर दोष थंडीच्या रात्रीपूर्वीच सापडेल.