देवाच्या नावे राज्य : त्रावणकोरचा तोडगा

मार्तंड वर्मा १७२९ मध्ये वेणाडच्या, म्हणजेच पुढील त्रावणकोरच्या गादीवर आले, तेव्हा त्यांच्या हक्कालाच आव्हान मिळाले. मातृवंशीय परंपरेनुसार तेथे मामानंतर भाचा राजा होत असे. मात्र, दिवंगत राजे राम वर्मा यांच्या पुत्रांनी राज्यावर दावा सांगितला. एट्टुवीटिल पिळ्ळमार या बलाढ्य सरंजामदारांनी त्यांना पाठबळ दिले.

मार्तंड वर्मा यांनी हा विरोध निर्दयपणे मोडून काढला. शेजारची राज्ये जिंकली, तसेच १७४१ मध्ये कोळच्चल येथे डच कंपनीच्या सैन्याचा पराभव केला. तथापि, तलवारीने मिळवलेले राज्य दुसरा कोणी तलवारीनेच हिरावून घेण्याची भीती कायम होती.

जानेवारी १७५० मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरमच्या मंदिरात श्री पद्मनाभस्वामींना संपूर्ण राज्य अर्पण केले. ‘तृप्पडिदानम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विधीनंतर ते ‘पद्मनाभदास’ म्हणून कारभार पाहू लागले. मेवाडचे महाराणेही स्वतःला एकलिंगजींचे दिवाण म्हणवीत. खजिना आणि सैन्य राजाच्याच हाती राहिले. बदलला तो बंडाचा अर्थ. राजाविरुद्ध उठणे हा आता देवद्रोह ठरला. जिंकलेल्या प्रदेशांतील जुन्या राजघराण्यांनाही आपली भूमी परत मागायची, तर ती देवाकडून मागावी लागणार होती.

पुढील राजांनीही हे बिरुद कायम ठेवले. १९४९ मध्ये त्रावणकोर आणि कोचीन यांचे एकीकरण होऊन राजसत्ता संपली. मंदिराच्या व्यवस्थापनातील राजघराण्याचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये मान्य केला.