दोन होड्या, एक निवड : उजनीच्या पाण्यावर जाण्यापूर्वी

थंडी पडली की बारामती-सुप्याच्या जिरायती पट्ट्यातली कुटुंबे रोहित पक्षी बघायला इंदापूर तालुक्यातल्या भिगवण, कुंभारगाव इथे उजनी धरणाच्या काठावर जातात. तिथे शेजारी शेजारी लागलेल्या दोन होड्या दिसायला सारख्याच असतात. एक फायबरची, दुसरी लाकडाची किंवा पत्र्याची. निवड बहुधा रंगावर, बाकांवर नाहीतर इंजिनावर होते. पण होडी किती सुरक्षित, हे ठरते आपण सगळे बसल्यावर तिचा काठ पाण्याच्या किती वर उरतो यावर.

पहिला गैरसमज असा की फायबरची होडी बुडतच नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. काचतंतू आणि राळ यांचे हे मिश्रण पाण्यापेक्षा जड असते, लोखंडी पत्रा तर कितीतरी जड. दोन्ही तरंगतात त्या आतल्या पोकळीमुळे. पोकळीत पाणी भरले की तळाशी जातात, मात्र बाकाखाली हवाबंद कप्पे किंवा फोम असेल तर तरंगत राहू शकतात. लाकूड स्वतः हलके असते, तरी पाण्याने भरलेली लाकडी होडी माणसांना पेलेलच असे नाही. म्हणून होडी कशाची आहे हे विचारून थांबू नये. हवाबंद कप्पे आहेत का, तेही विचारावे.

दुसरा गैरसमज म्हणजे जेवढे बाक तेवढी माणसे. पाण्याला टेकलेला भाग 5 चौरस मीटर असेल, तर प्रत्येक 50 किलोंमागे होडी 1 सेंटीमीटर खाली बसते. आठ मोठी माणसे बसल्यावर ती जेमतेम 10 सेंटीमीटर खचेल, म्हणून कुणालाच काळजी वाटत नाही. खरा धोका कलण्यात आहे. दीड मीटर रुंदीची होडी 10 अंश कलली, तर एका बाजूचा काठ सुमारे 13 सेंटीमीटर खाली जातो. थव्याने रोहित उडाले की सगळे एकदम एकाच बाजूला उठतात. मुले तर आधी. काठ आधीच पाण्याच्या थोडाच वर उरला असेल, तर पाणी आत यायला तेवढे पुरते. इथे रुंदी कामाला येते. लांबी सारखी असेल, तर आकारातून मिळणारी स्थिरता रुंदीच्या घनाप्रमाणे वाढते. पाण्यालगत 4 फुटांऐवजी 5 फूट रुंद असलेली होडी या हिशेबाने जवळजवळ दुप्पट ताठ राहते. फूटभराच्या या फरकासाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी मोजावेत.

यावर कुणी म्हणेल, मच्छीमार तर रोज अरुंद, सपाट तळाच्या होडीतून फिरतात. खरे आहे. पण त्या होडीत एक-दोनच माणसे असतात, त्यांना तोल सांभाळायची सवय असते आणि वाऱ्याचा रंग ओळखता येतो. सपाट तळ वाईट नाही. रोहित उभे असतात त्या उथळ पाण्यात जायला तोच योग्य, आणि शांत पाण्यात तो डगमगतही कमी. मात्र लाट आली की तो लाटेच्या उताराबरोबर कलतो. मोकळे पाणी ओलांडायचे असेल, तर खोल तळाची, उंच काठाची होडीच हवी.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक आहे : धरणाचे पाणी म्हणजे संथ पाणी. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा यशवंतसागर जलाशय सुमारे 117 टीएमसीचा आहे. मैलोन्मैल मोकळ्या पाण्यावरून वारा वाहतो तेव्हा लाटा उठतातच. 21 मे 2024 रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यांत दोन लहान मुले होती. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ काही मिनिटांत पालटते. अशा दिवसांत फेरी सकाळीच उरकावी आणि ढग भरून आले तर पैसे गेले तरी चालतील म्हणून परतावे.

शेवटी जीवरक्षक जाकीट. उकडते, फोटोत बरे दिसत नाही, गरज पडली तर घालू, असे म्हणतात. पण उलटलेल्या होडीभोवती हातपाय मारताना जाकिटाचे पट्टे बांधता येत नाहीत, आणि मोठ्यांचे जाकीट लहान मुलाच्या अंगातून वर निसटते. पोहता येणाऱ्यालाही मार लागू शकतो, कपडे जड होतात, दम संपतो. म्हणून दोन सारख्या होड्यांतली जी रुंद आहे, जिचा काठ सगळे बसल्यावरही ठळक वर राहतो आणि जिच्यात प्रत्येकाच्या, मुलांच्याही मापाचे जाकीट आहे, तीच निवडावी. यातले एक जरी नसेल, तर त्या दिवशी रोहित काठावरूनच पाहावेत.