आईचा आवाज असलेली कॅसेट



आमच्या थोरल्या बंधूंचा मंगल परिणय १९९३ साली झाला. त्याची व्हिडिओ कॅसेट आईने लुगड्यांच्या घडीखाली, लोखंडी कपाटात जपून ठेवली होती. आई गेल्यावर आम्ही ती बाहेर काढली, तर आतल्या फितीवर पांढरी बुरशी! त्रिशरण-पंचशील झाल्यावर आईने मंडपात म्हटलेले भीमगीत त्याच फितीवर होते. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

अशा कॅसेटी आपल्या वस्त्यांतून घरोघरी पडून आहेत. १९९१ ची बाबासाहेबांची जन्मशताब्दी, १९९४ चा नामविस्तार, विहाराची पायाभरणी. आपल्या गल्लीतली मिरवणूक त्या काळी कोणत्या टीव्हीने दाखवली? ती आपल्याच कॅसेटीत आहे.

फितीवर चुंबकीय कणांचा थर चिकटद्रव्याने बसवलेला असतो. दमट हवेत ते द्रव्य सैल पडते, बुरशी चढते. शिवाय कॅसेट लावायचे यंत्रही आता नवे मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवले. म्हणून हे काम पुढच्या पावसाळ्यावर टाकू नये.

बुरशी आलेली कॅसेट तशीच यंत्रात घालू नका. आमची एका दुकानदाराने घातली आणि फीत तुटली. मग दुसऱ्या जाणकाराने ती साफ करून जोडली. अर्धे गाणे हाती लागले.

काम करून घेताना नुसती डीव्हीडी घेऊन परतू नका, संगणकावर चालणारी फाइल मागून घ्या. घरी लिहिलेल्या डीव्हीडीतला रंगाचा थर उन्हाने व उष्णतेने खराब होतो. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यापुरता बरा. वर्षानुवर्षे डब्यात पडला तर त्यातले चित्रण पुसट होत नाही, एकदम जाते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ आकसून जातो, ती प्रत मूळ म्हणून धरू नये.

आमच्या मते दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, आणि त्या एकाच घरात ठेवू नयेत. पैशाची ओढ असेल तर दोन-तीन नातलगांनी वर्गणी काढावी. एका डिस्कवर सगळ्यांची लग्ने सहज मावतात. तिसरी प्रत इंटरनेटवर ठेवता येते, पण गूगलचे खाते दोन वर्षे उघडलेच नाही तर ते बंद होऊन आतले सगळे पुसले जाऊ शकते. डिस्कही अमर नाही. दरवर्षी लावून पाहावी, पाचएक वर्षांनी नवीवर उतरवावी.

आमची दुसरी डिस्क धाकट्या बहिणीकडे असते. १४ एप्रिलला ती घेऊन येते, दोन्ही लावून पाहतो. मुले ते अर्धे गाणे दोनदा लावायला सांगतात. कॅसेट मात्र आम्ही टाकलेली नाही. उरलेले अर्धे कोणी काढून देईल का, याची अजून चौकशी चालू आहे.