कोठारे अनेक, वही एक

हैदराबादच्या सुलतान बाजारात कापडाचे एखादे जुने दुकान डोळ्यांपुढे आणा. गिऱ्हाइकाने विशिष्ट कापडाचा ताका मागितला की मुनीम वही उघडून पाहतो आणि माल आहे की नाही हे तत्काळ सांगतो. वास्तविक माल मागच्या खोलीत, माडीवर आणि पलीकडच्या गल्लीतील वखारीत विखुरलेला असतो. परंतु गिऱ्हाइकाला त्याशी काय कर्तव्य? त्याच्या लेखी दुकान एकच. संगणकशास्त्रात अनेक डिस्क जोडून एक ‘व्हॉल्यूम’ करतात, त्याचे मर्म याच वहीत आहे. डिस्क अनेक असतात. त्यांचा हिशेब ठेवणारी आज्ञावली त्या एकच असल्याचे भासवते.

आता मोठ्या कचेऱ्यांतून एका दणकट यंत्रावर अनेक आभासी संगणक चालतात, आणि अशी तीन-चार यंत्रे जोडून समूह करतात. एक यंत्र बंद पडले तर त्यावरील आभासी संगणक शेजारच्या यंत्रावर पुन्हा सुरू करता यावा, हा त्यातील हेतू. मात्र त्याची माहितीही शेजाऱ्याच्या हाती लागली पाहिजे. म्हणून साठा समाईक असावा लागतो, आणि तो कसा रचावा हा प्रश्न येथे उभा राहतो.

एका शाळेत घडलेली गोष्ट मी जवळून पाहिली आहे. जागा पुरेना म्हणून तेथे तीन डिस्क जोडून एक मोठा व्हॉल्यूम केला गेला. ऐन परीक्षेच्या दिवसांत एक डिस्क निकामी झाली, आणि गेले ते तिसरा हिस्सा नव्हे, तर सगळेच गुण! कारण प्रत्येक नोंदवहीचे तुकडे तिन्ही डिस्कांवर आळीपाळीने ठेवलेले होते. आम्ही चार शिक्षकांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडून सारे गुण पुन्हा उतरविले. उत्तरपत्रिका रद्दीत गेल्या असत्या तर काय केले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

यातील गणित सोपे आहे. समजा, एखादी डिस्क वर्षभरात बिघडण्याचा संभव शंभरात २ आहे. अशा दहा डिस्क कोणतीही राखीव तजवीज न करता जोडल्या, तर त्यांतील निदान एक बिघडण्याचा संभव शंभरात सुमारे १८ होतो. जागा वाढते, तसा धोकाही वाढतो.

यावर उपाय कोणता? ४, ७ आणि ९ हे अंक तीन डिस्कांवर ठेवा आणि चौथीवर त्यांची बेरीज २० लिहा. ७ हरवला तर २० मधून ४ व ९ वजा करून तो परत मिळतो. यंत्र बेरजेऐवजी ० व १ या अंकांचे सम-विषमत्व नोंदवते, एवढाच फरक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली अशा रचनांची पद्धतशीर मांडणी केली. ती ‘रेड’ या नावाने ओळखली जाते. मात्र दोन अंक एकदम हरवले तर ही एक बेरीज निरुपयोगी ठरते. मोठी डिस्क पुन्हा भरून काढण्यास कित्येक तास, प्रसंगी दिवस लागतात, आणि त्या अवधीत दुसरीही जाऊ शकते. म्हणून मोठ्या साठ्यांत दोन डिस्कांइतकी राखीव तजवीज करतात.

समूहात बहुधा दुसरा मार्ग धरतात: प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती. परंतु तिन्ही प्रती एकाच यंत्राच्या तीन डिस्कांवर पडल्या आणि त्या यंत्राचा वीजपुरवठा जळाला, तर तिन्ही एकदम दुर्लभ होतात. यासाठी ‘प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेव’ असे आज्ञावलीस बजावून सांगावे लागते. हिशेबही आधीच करावा. तीन यंत्रे, प्रत्येकात ४ टेराबाइटच्या चार डिस्क, म्हणजे एकूण ४८ टेराबाइट. पण तीन प्रतींमुळे वापरास मिळतात १६, आणि त्याही काठोकाठ भरू नयेत. शिवाय एक यंत्र गेले तर तिसऱ्या प्रतीस जागाच उरत नाही. काम दोन प्रतींवर चालवावे लागते. समूहाने स्वतःची डागडुजी स्वतः करावी असे वाटत असेल, तर चौथे यंत्र हवे.

हाच विचार नगराच्या पातळीवरही लागू पडतो. अ‍ॅमेझॉन कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेत आपली माहिती-केंद्रे सुरू केली, ती परस्परांपासून अलग अशा तीन विभागांत. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुरात हजारो माणसे दगावली. त्या शहरात सगळी दप्तरे एकाच छपराखाली ठेवू नयेत, हे वेगळे सांगावयास नको.

शेवटी एक इशारा. प्रती कितीही असोत, कोणी चुकून नोंद पुसली तर ती सर्व प्रतींतून तत्क्षणी पुसली जाते. राखीव प्रती यंत्राच्या बिघाडापासून वाचवितात, माणसाच्या चुकीपासून नव्हे. त्यासाठी जुन्या तारखेची एक स्वतंत्र नक्कल दुसऱ्या ठिकाणी हवी, आणि तीवरून माहिती परत आणता येते की नाही, हे अधूनमधून प्रत्यक्ष करून पाहिले पाहिजे. सुज्ञ मुनीम वहीवर विसंबून राहत नाही. दिवाळीपूर्वी तो वखारीत जाऊन ताके मोजतो.