सिंहगड उतरल्यावर पाय दुखतात, पण लॅक्टिक अ‍ॅसिडमुळे नाही

रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड करायचा आणि सोमवारी जिना उतरताना मांड्या धरायच्या, हे पुण्यात नित्याचेच. त्यावर जिममध्ये आणि ट्रेकर मंडळींत एकच निदान ऐकू येते: ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय.’ किती वेळा खोडले तरी ते पुन्हा उगवते, म्हणून मुळापासून पाहू. पेशी ग्लुकोजचा रेणू आधी पायरुवेटपर्यंत फोडते. त्याला ऑक्सिजन लागत नाही आणि एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-चलनाचे, निव्वळ 2 रेणू मिळतात. पुढचे काम तंतुकणिकांत ऑक्सिजनच्या मदतीने होते आणि एकूण कमाई सुमारे 30 ते 32 वर जाते. खड्या चढावर पहिला टप्पा दुसऱ्याला मागे टाकतो आणि जादा पायरुवेटचे लॅक्टेट होते; लोक ‘लॅक्टिक अ‍ॅसिड’ म्हणतात ते हेच. पण ते कचरा नव्हे. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, तर यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज घडवते. दम खाल्ल्यावर साधारण तासाभरात रक्तातले लॅक्टेट पूर्वपदावर येते. मग सोमवारी साचलेले असते ते काय?

यावर कोणी म्हणेल, चढताना मांड्या पेटतात त्याचे काय? ती जळजळ थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढणारे दुखणे वेगळे. पुरावा हवा असेल, तर श्वेन आणि सहकाऱ्यांचा 1983 सालचा प्रयोग पाहावा. सपाटीवर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले, पण नंतर पाय दुखले नाहीत; उतारावर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले नाही आणि पाय मात्र दुखले. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार रोखून धरतो. त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ती भरून येताना दाह होतो. म्हणजे दोष चढाचा नाही, उताराचा आहे. मालिशने बरे वाटते हे खरे, पण त्याने लॅक्टिक अ‍ॅसिड ‘निघून जाते’ हे खोटे. ते केव्हाच वापरले गेलेले असते.

पेशीश्वसनाबद्दलचे, म्हणजे ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्याच्या वरच्या प्रक्रियेबद्दलचे, बाकीचे गैरसमज थोडक्यात. श्वासोच्छ्वास म्हणजेच पेशीश्वसन नव्हे. एक फुप्फुसांचे काम, दुसरे प्रत्येक जिवंत पेशीचे. लॅक्टेट फक्त दमल्यावर बनते असेही नाही. तंतुकणिका नसलेल्या तांबड्या रक्तपेशी ते झोपेतही बनवत असतात. वनस्पती फक्त रात्री नव्हे, चोवीस तास श्वसन करतात. जुन्या पुस्तकांतला 38 एटीपींचा आकडा हा कागदावरचा कमाल हिशेब आहे.

निदान चुकले की उपायही चुकतो. अ‍ॅसिड ‘बाहेर काढणाऱ्या’ पेयांवर पैसे घालवण्यापेक्षा गड सावकाश उतरावा आणि उताराची सवय हळूहळू वाढवावी. स्नायू ही सवय लवकर आत्मसात करतो आणि पुढच्या खेपेला दुखणे कमी होते.